कारवानी मादी, पहिला शो आणि पहिलं वेत

प्रश्न असा आहे: बार्शीजवळ शेती असलेल्या एका तरुणाकडे कारवानी या देशी शिकारी जातीची दहा महिन्यांची कुत्री आहे. लातूरकडच्या एका कुटुंबाकडून पिल्लू असताना आणलेली, कागदपत्र काहीच नाही. बघणारा प्रत्येक जण ‘हिला डॉग शोला उतरव’ म्हणतो, आणि दोघांनी तर पुढच्या माजाला आपला नर लावायची तयारीही दाखवली आहे. शोमध्ये कसं उतरायचं, पैदास कशी सुरू करायची आणि दोन्हींत आधी काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तराची सुरुवात क्रमापासूनच करतो. आधी तिला पूर्ण वाढू द्या, मग रिंगमध्ये उतरवा, मग तपासण्या करा, आणि हे सगळं सरळ निघालं तरच वेत घ्या. नर घेऊन तयार असलेल्यांना आजच नाही म्हणून सांगा. दहा महिन्यांची कारवानी उंचीने मोठी दिसते, पण अंगाने अजून पोरच असते. छाती खाली उतरायला आणि पाठीवर, मांड्यांवर स्नायू भरायला तिला दीड-दोन वर्षं लागतात. या वयात गाभण राहिली तर तिची स्वतःची वाढ खुंटते, आणि पिल्लांनाही धड काही मिळत नाही. कायदाही हेच सांगतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर लावता येत नाही, ती तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. ‘आपण काय धंदा करतोय, एकच तर वेत’ असं म्हणून बरेच जण हे टाळतात. तुम्ही टाळू नका. पशुवैद्यकाला आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला विचारून नोंदणीचं काम आधीच मार्गी लावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तुमची मादी देखणी असेल, नव्हे असणारच, पण देखणी मादी पैदाशीला लायक असतेच असं नाही. गावात लोक कशावरून ‘एक नंबर’ म्हणतात? उंची, रंग आणि पळ. जातीच्या दृष्टीने यातला रंग जवळपास गौण आहे, आणि नुसती उंची तर कधीकधी दोषच ठरते. शो कशासाठी, याचं उत्तर इथेच आहे. ज्याचा तुमच्याशी काही संबंध नाही, ज्याने अशी शेकडो कुत्री हाताखालून घातली आहेत, असा माणूस तुमच्या मादीला हात लावून बघतो आणि शेजारच्या चार माद्यांशी तिची तुलना करतो. हे मत तुम्हाला घरबसल्या मिळणार नाही. ट्रॉफी मिळाली तर आनंदच आहे. पण मत घेऊन आलात तरी खेप वसूल झाली असं समजा.

आता कागदपत्रांचं. आपल्याकडचे बहुतेक शो चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न असलेले स्थानिक क्लब भरवतात, आणि तिथे उतरायचं तर कुत्र्याची क्लबकडे नोंद लागते. आई-बापाचे कागद नसले की लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डच्या बाबतीत गाडी तिथेच अडते. देशी जातींचं तसं नाही. कारवानीचं खरं धन अजूनही मराठवाड्यात, सोलापूर पट्ट्यात आणि उत्तर कर्नाटकात, शेतावर, मेंढपाळांच्या वाड्यांवर आहे, आणि तिथे वंशावळ कुणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. म्हणून अशा जातींच्या कुत्र्यांना जाणकार परीक्षकाने प्रत्यक्ष बघून जातिवंत ठरवलं, तर त्यांची अज्ञात वंशावळीचं कुत्रं म्हणून नोंद करण्याची सोय ठेवलेली असते. तुमच्या सगळ्यात जवळच्या क्लबच्या सचिवांना फोन करून पुढची अशी तपासणी कुठे आहे ते विचारा. आधी मायक्रोचिप बसवून घ्यावी लागेल. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेच्या मागे कातडीखाली सुईने घालतात, मिनिटभराचं काम. चिपचा नंबर, लसीकरणाचं पुस्तक आणि दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो एका फाइलमध्ये ठेवा. फॉर्म भरताना जातीच्या नावाकडे लक्ष द्या. केनेल क्लब या जातीची नोंद कॅराव्हॅन हाउंड म्हणून करतो. याच जातीच्या मुधोळ हाउंड या नावाने दुसरीकडे नोंदी होतात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२० मध्ये राजापालयम आणि चिप्पीपराईबरोबर ज्या पहिल्या तीन देशी श्वानजातींना मान्यता दिली, त्यांतही हेच नाव आहे.

कागद नाहीत म्हणून खजील होऊ नका. उलट जिथून पिल्लू आणलं त्या घरी पुन्हा एकदा जा. तिची आई बघा, बाप कुणाचा ते विचारा, भावंडं कुठे गेली, किती जगली, कशाने मेली ते सगळं वहीत लिहून घ्या. आईचा समोरून आणि बाजूने फोटो काढा. पुढे नर निवडताना ही वही तुम्हाला कुठल्याही पदकापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि या जातीत असं लिहिणारे लोक फार थोडे आहेत.

जज काय बघतो? कारवानी नजरेने शिकार हेरून पळणाऱ्या कुत्र्यांपैकी आहे, म्हणून तिचा प्रत्येक अवयव पळण्याशी ताडून बघितला जातो. डोकं लांब आणि अरुंद, जबडा निमुळता पण मजबूत, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले. डोळे मोठे, लांबट, काळे किंवा तपकिरी. कान डोक्याला लागून लोंबणारे. मान लांब, छाती खोल, पोट वर ओढलेलं. मादीची उंची खांद्यापाशी ६४ ते ६८ सेंटिमीटर आणि नराची ६८ ते ७२ असावी अशी अपेक्षा असते. तुम्ही घरी हे करून बघा: तिला सपाट जागी उभी करा आणि खांद्याच्या पात्याच्या वरच्या टोकापासून बोट खाली आणत आणत पुढच्या पायाच्या सांध्यापर्यंत न्या. पातं चांगलं तिरपं मागे गेलेलं असेल तर पाऊल लांब पडतं. ते उभं असेल तर कुत्रं कितीही देखणं असो, त्याची पावलं आखूड पडतात. मग कुणाला तरी दोरी धरून तिला दुडक्या चालीने तुमच्यापासून लांब आणि परत तुमच्याकडे आणायला सांगा, आणि तुम्ही खाली बसून बघा. मागचे पाय पुढच्या पायांच्या रेषेत पडतात का? घोटे आत वळतात का? मोबाइलवर हळू गतीचं चित्रण करून ठेवलंत तर आणखी बरं.

कारवानीची एक खोड आधीच माहीत असलेली बरी. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला तिला आवडत नाही. घरच्यांच्या मांडीत डोकं घालून झोपणारी मादी रिंगमध्ये जजने तोंड उघडायला हात पुढे केला की मागे सरकते, शेपूट पोटाशी घेते, आणि तिथेच निम्मा निकाल लागतो. रागावून किंवा दाबून धरून हे सुटत नाही. आजपासून रोज दोन-तीन मिनिटं द्या. आधी तुम्हीच ओठ वर करून पुढचे दात बघा, लगेच उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा द्या. मग दोन्ही बाजूंचे दात. मग पाठीवरून हात, छातीखालून हात, प्रत्येक पाय उचलून पंजा बघणं. ती हे निवांत करून घ्यायला लागली की शेजारी, मामा, दूधवाला, ज्याला कुत्र्याची भीती नाही अशा प्रत्येकाला तेच करायला सांगा. टोपीवाला, चष्मेवाला, फेटेवाला, साडी नेसलेली बाई, सगळ्या प्रकारची माणसं हवीत. माणूस समोरून, तिला दिसेल असा यावा, आधी हाताचा वास घेऊ द्यावा. हे तीन-चार महिने केलंत तर रिंगमधलं निम्मं काम घरीच झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे उभं राहणं आणि चालणं. मोठ्या कुत्र्यांना जमिनीवरच तपासतात, टेबल फक्त लहान जातींसाठी. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे पाय जरा मागे, घोट्याखालचा भाग जमिनीला काटकोनात, मान सैल वर, अशी तिला अर्धा मिनिट उभी राहता आलं पाहिजे. सुरुवातीला पाच सेकंदही पुरे. गळ्यात पातळ शो लीड घाला, रोजचा जाड पट्टा नको, नाहीतर पट्टा बघितला की ती ओढायला लागते. रिंगमध्ये कुत्रं तुमच्या डाव्या हाताला चालतं आणि सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. मग एकेकाला जजसमोर आणून तपासणी, त्यानंतर सरळ जाऊन परत या किंवा त्रिकोणात चालवा असं सांगतात. या त्रिकोणाची सवय शेतात चुन्याच्या रेघा मारून करता येते. दोरी ताणलेली ठेवू नका, मान वर ओढली की पुढच्या पायांची चाल बिघडते. पैसे घेऊन कुत्रं चालवणारे हँडलर मिळतात आणि त्यातले काही फार हुशार असतात, पण कारवानी परक्याच्या हाती क्वचितच मोकळी चालते. पहिले दोन-तीन शो तुम्ही स्वतःच चालवा.

आता अंगाची तयारी. मोटरसायकलमागे कुत्रं बांधून पळवायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती मला बघवत नाही. डांबरावर पंजे सोलतात, आणि वाढत्या वयात हाडांची टोकं पूर्ण जुळलेली नसताना सांध्यांवर मार बसतो. नांगरलेल्या मऊ रानात सकाळी सहाच्या आत मोकळं पळणं आणि संध्याकाळी चार-पाच किलोमीटरची चाल, एवढं तिला पुरतं. सशामागे मात्र सोडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार आहे, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. खाण्यात ज्वारीची भाकरी आणि दूध ही जुनी रीत आहे, पण तेवढ्यावर स्नायू बनत नाहीत. भाकरी ठेवा, पण बरोबर अंडी, कोंबडी किंवा बोकडाचं शिजवलेलं मांस-कलेजी रोज असू द्या. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं किंचित दिसणं या जातीत निरोगीपणाचं लक्षण आहे. ‘वाळलीये’ म्हणून पाहुणे हळहळतील, त्यांच्या बोलण्यावरून तूप सुरू करू नका.

महाराष्ट्रातले शो बहुतेक दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, थंडीत असतात. नोंदणी काही आठवडे आधीच बंद होते, आयत्या वेळी कुणी आत घेत नाही. वयाप्रमाणे वर्ग असतात, तुमच्या मादीचं वय शोच्या तारखेला किती भरतं ते मोजून वर्ग भरा. रेबीजच्या लसीचा दाखला, पाणी, चादर, सावलीसाठी ताडपत्री आणि बांधायला पिंजरा न्या. तिथे शेकडो कुत्री असतात, म्हणून बाकीच्या लसी पूर्ण नसतील तर नेऊच नका. नर-मादी वेगवेगळे तपासले जातात, वर्गातले विजेते पुढे जातीतल्या सर्वोत्तमासाठी, तिथून गटासाठी आणि शेवटी शोमधल्या सर्वोत्तमासाठी जातात. लायक कुत्र्याला जज चॅलेंज सर्टिफिकेट देतो, आणि वेगवेगळ्या जजकडून ती ठरावीक संख्येने मिळाली की चॅम्पियन किताब लागतो. पहिल्या खेपेला हे सगळं डोक्यातून काढून टाका. तुमचा वर्ग संपला की जागेवरून हलू नका, बाकीच्या कारवानी माद्या शेवटपर्यंत बघा. सगळं आटोपल्यावर जज मोकळे असतील तेव्हा नम्रपणे विचारा, ‘सर, हिच्यात काय कमी आहे?’ बरेच जज आनंदाने सांगतात. तीन वेगवेगळ्या जजनी तोच दोष सांगितला तर तो दोष आहे, हे मान्य करा.

आणि पैदाशीचा निर्णय त्या यादीवरूनच घ्यायचा. बुजरेपणा इतका असेल की ती अनोळखी माणसाला चावायला जाते, दातांची ठेवण बिघडलेली असेल, चाल वाकडी असेल, किंवा फेफऱ्यासारखा एखादा आजार तिच्यात वा तिच्या सख्ख्यांत असेल, तर तिचं वेत घेऊ नका. तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. ती तितकीच लाडकी राहील, आणि शेताची राखण तितकीच चोख करेल.

यादी बरी निघाली तर दीड-दोन वर्षांची झाल्यावर तपासण्या. रक्ताची पूर्ण तपासणी आणि गोचीड तापाची खास तपासणी करा. एरलिचिया आणि बाबेसिया हे दोन्ही आपल्या भागात इतके आहेत की वरून धडधाकट दिसणारं कुत्रंही आतून पोखरलेलं असू शकतं. ब्रुसेला या जिवाणूची तपासणी मादीची आणि नराची, दोघांचीही हवीच. त्याने गर्भ पडतो, कुत्रं कायमचं वांझ होऊ शकतं आणि तो माणसालाही लागतो. नराच्या आणि मादीच्या जननेंद्रियांवर गाठी नाहीत ना, हे पशुवैद्यकाकडून बघून घ्या. मैथुनातून पसरणारी गाठ गावातल्या मोकाट कुत्र्यांमध्ये सर्रास असते आणि तिथून पाळीव नरांमध्ये येते.

नर निवडताना सगळ्यात मोठा मोह जवळचा, ओळखीचा, फुकटचा नर घेण्याचा असतो. तो टाळण्याचं कारण रक्तात आहे. एका तालुक्यातल्या कारवानी कुत्र्यांत दोन-तीन नावाजलेल्या नरांचीच पिल्लं भरलेली असतात. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची जोडी लावली तर पिल्लांच्या जनुकांच्या जोड्यांपैकी सरासरी २५ टक्के जोड्या एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेल्या निघतात. सावत्र भावंडांत हेच प्रमाण साडेबारा टक्के. असं झालं की दडलेले दोष वर येतात, वेतं लहान होतात, पिल्लं दगावतात. म्हणूनच मघाशी वही लिहायला सांगितली. नराच्या मालकाला त्याची वंशावळ विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची आधीची पिल्लं जाऊन बघा. मोठी झालेली, तीन-चार वर्षांची. त्यांची चाल आणि स्वभाव बघा. तुमच्या मादीत जे कमी आहे ते नरात आणि त्याच्या पिल्लांत भक्कम असलं पाहिजे. खांदा उभा असेल तर तिरप्या खांद्याचा नर हवा, भले त्याचा रंग तुम्हाला आवडत नसेल. दोन्हींत तोच दोष असला तर तो पिल्लांत बहुधा उतरतो.

व्यवहार कागदावर लिहा: फी रोख की पहिल्या पसंतीचं पिल्लू, मादी गाभण राहिली नाही तर पुन्हा एकदा लावून देणार का, पिल्लं मेली तर काय. लिहून न घेतलेल्या व्यवहारांमुळे जुनी मैत्री तुटलेली बघितली आहे.

माजाचा काळ ओळखण्यात नवखे लोक फसतात. रक्त दिसायला लागल्यापासून साधारण नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही, मग रंग फिका पडतो आणि पुढचे साधारण नऊ दिवस ती उभी राहते, शेपूट बाजूला करते. पण हे दिवस प्रत्येक मादीत वेगळे. ‘अकरावा आणि तेरावा दिवस’ हा ठोकताळा कित्येकदा चुकतो. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करा. सोलापूर-पुण्याच्या प्रयोगशाळांत नमुना जातो. दर दोन दिवसांनी बघायचं, आकडा ५ नॅनोग्रॅमच्या आसपास आला की अंडं सुटलेलं असतं, आणि कुत्रीचं अंडं सुटल्यावर फलनक्षम व्हायला आणखी दोन दिवस घेतं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस खरे. मादीला नराच्या घरी न्या, उलट नको, आपल्या जागेत नर जास्त धीट असतो. दोघं अडकले की पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत अडकून राहतात. त्या वेळी ओढू नका, पाणी ओतू नका, दोघांना धरून शांत उभे राहा. आणि परत आणल्यावर माज पूर्ण ओसरेपर्यंत तिला दाराआड ठेवा. एकाच वेतात दोन नरांची पिल्लं होऊ शकतात, आणि तुमच्या वाडीच्या कुंपणाबाहेर गावातले निम्मे कुत्रे बसलेले असतील.

अंडं सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे, हा हिशेब पक्का असतो. मैथुनाच्या तारखेपासून मोजलं तर तो सैल होतो. साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गर्भ दिसतो. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक एक्सरे काढा आणि पिल्लांची संख्या मोजून घ्या. कितवं पिल्लू शेवटचं हे माहीत असेल तर रात्री तीन वाजता तुम्हाला अंदाज बांधत बसावं लागत नाही. गाभणपणात कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. घरचे प्रेमाने देतात, पण त्याने शरीराची स्वतःची कॅल्शियम सोडायची यंत्रणा मंदावते आणि व्यायल्यानंतर रक्तातलं कॅल्शियम अचानक खाली येतं. अशी मादी थरथरते, ताठ चालते, धापा टाकते. हे दिसलं की पिल्लं बाजूला घ्या आणि तासाच्या आत डॉक्टरकडे न्या. शिरेतून सावकाश औषध दिलं की सावरते, उशीर झाला तर जाते.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा ताप बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. १०१-१०२ अंशांवर असलेलं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली आलं की पुढच्या २४ तासांत ती व्यायला लागते. ती खात नाही, चादर ओरबाडते, धापा टाकते, हे सगळं नेहमीचं. जोराच्या कळा येऊनही अर्धा तास पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांपेक्षा जास्त अंतर पडलं आणि आत अजून पिल्लू आहे, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट पाणी गेलं, तर वाट बघायची नाही. डॉक्टर आधीच ठरलेला हवा, गाडी दारात हवी. सिझेरियनची वेळ आलीच तर डॉक्टरांना आठवण करून द्या की ही नजरेने शिकार हेरणारी हाउंड आहे. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळपास नसते, आणि थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्यांच्यात धोकादायक लांबतं. दुसरी सुरक्षित औषधं असतात, फक्त वेळेवर सांगावं लागतं.

नवजात पिल्लाला पहिले दोन आठवडे स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत ३०-३२ अंश सेल्सियस हवं, एका कोपऱ्यात जरा थंड, म्हणजे आईलाही बसता येतं. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. रोज वजन वाढलं पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तर त्या पिल्लाला मागच्या, जास्त दुधाच्या सडाला लावा, दुसऱ्या दिवशीही नाही वाढलं तर डॉक्टर. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी, कारण जंत आईच्या पोटातूनच येतात. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, तीन महिन्यांनंतर रेबीज. पार्व्हो या विषाणूमुळे अख्खं वेत चार दिवसांत जाऊ शकतं, म्हणून बघायला येणाऱ्यांच्या चपला फाटकाबाहेर आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कुणी पिल्लाला हात लावायचा नाही. कुणी नाराज झालं तर होऊ द्या.

तीन ते बारा आठवड्यांचा काळ कारवानीसाठी सोन्यासारखा. याच काळात जे माणूस, आवाज, जमीन तिने बघितली ती तिला कायमची ओळखीची होते. मिक्सर, ट्रॅक्टर, टाइल्सची फरशी, लहान मुलं, शेळ्या, कोंबड्या, सगळं दाखवा. बुजरी पिल्लं रक्तातून येतात तशी अंधाऱ्या गोठ्यात वाढूनही तयार होतात.

पिल्लांची घरं नर लावण्याच्या आधी शोधायची. सात-आठ पिल्लं होऊ शकतात, आणि निदान चार-पाच घरं तोंडी पक्की असल्याशिवाय मादीला नेऊ नका. विचारा: कुंपण आहे का, दिवसभर साखळीला राहणार का, घरात मांजर आहे का, बदली झाली तर काय. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कारवानी राहू शकते, पण रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तिला कुंपणाच्या आत मोकळं पळवायला हवं. हे न जमणाऱ्यांना नाही म्हणा. विक्रीच्या कागदावर एक अट ठेवा: कुत्रं कधीही, कुठल्याही वयात सांभाळता आलं नाही तर ते तुमच्याकडेच परत येईल. आणि ती पाळायची तयारी असेल तरच लिहा. पैशांचं थोडक्यात सांगतो. तपासण्या, प्रवास, फी, खाणं, लसी, चिप आणि नोंदणी यांचा हिशेब मांडला की पहिल्या वेतात हाती फारसं काही उरत नाही, सिझेरियन झालं तर खिशातून जातं. ज्यांना यातून कमवायचं आहे त्यांनी दुसरा उद्योग बघावा.

वेताची नोंद वेळेत क्लबकडे पाठवा, प्रत्येक पिल्लाला चिप बसवा, आणि यापुढेही पैदास करणार असाल तर स्वतःच्या केनेलचं नाव नोंदवून घ्या, म्हणजे तुमच्याकडची पिल्लं पुढे कुठेही गेली तरी नावावरून ओळखू येतील. कुठलं पिल्लू स्वतःकडे ठेवायचं हे आठवा आठवडा येईपर्यंत ठरवू नका. त्या वयात अंगाची प्रमाणं थोड्या काळासाठी मोठेपणीसारखी दिसतात, नंतर पुन्हा लांबट, वेडीवाकडी होतात. टेबलावर सतरंजी टाकून एकेकाला उभं करा, बाजूने आणि समोरून फोटो काढा, खांद्यावर तसंच बोट फिरवा, आणि मग सगळ्यांना एकेक करून अनोळखी अंगणात सोडा. कोण कोपऱ्यात बसतं, कोण वास घेत पुढे जातं, कोण पडलेल्या भांड्याच्या आवाजाने दचकून पुन्हा बघायला येतं, तेही वहीत लिहा. शक्य झालं तर एखाद्या जुन्या, जाणत्या पैदासकाराला त्या दिवशी बोलवा आणि तुमची पसंती न सांगता त्यांना बघू द्या.